दुसऱ्या कोपऱ्यावरची गाठ

बा, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडलं आहे. मी बोलते, सातवीतली नात लिहिते. मी ‘मले’ म्हटलं की ही ‘मला’ लिहिते, आणि वाचून दाखवते तेव्हा मी कुठली शहरातली बाई वाटते. वाटू दे. तुझी मुलगी म्हातारपणी सुधारली म्हण.

तिच्या शाळेतल्या मॅडम भूमिती शिकवायला कामाची माणसं बोलावतात. शिंपी येऊन गेला, टोपल्या विणणारी बुरडीण येऊन गेली. नातीने सांगितलं, माझ्या आजीचा बाप घरांची आखणी करायचा. झालं, कधी पाटी न धरलेली मी मास्तरीण झाले. मैदानात तुझ्यासारख्याच चार खुंट्या ठोकल्या, समोरासमोरच्या बाजू सारख्या मोजल्या. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपा दोर ताणला, गाठ मारली, आणि तोच दोर उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरायला एका पोरीला लावलं. दोन्ही तिरपे सारखे भरले की घर काटकोनात. मॅडम म्हणाल्या, याला कर्ण म्हणतात. मी म्हटलं, म्हणा बाई, आम्ही दोरच म्हणत होतो.

“पोचला का वं?”

“पोचला, आजी.”

तिचं लक्ष सुटीच्या घंटेकडे. जाऊन पाहिलं तर गाठ खुंटीच्या चार बोटं अलीकडे. मॅडम तिला रागावल्या. मी खाली बसून खुंटी उपटायला घेतली.

ते शेवटचं घर आठवते, बा? तू त्या टोकाला, मी या टोकाला, नऊ-दहा वर्षांची. गावात मंडईची जत्रा भरली आहे, पाळणा आला आहे, मैत्रिणी कुंपणाशी उभ्या आहेत. तू विचारतोस, पोचला का? गाठ वीतभर अलीकडे आहे, मला दिसते आहे. खुंट्या उपटून पुन्हा ठोकायच्या म्हणजे दिवस बुडणार. मी म्हणते, पोचला. तू बघायला येत नाहीस. माझ्या शब्दावर पाया खणायला सांगतोस.

भिंती उठल्या, छपराची लाकडं चढली, आणि एका कोपऱ्यात वासा भिंतीवर टेकेचना. घरमालक चारचौघांत म्हणाला, “भाऊ, डोये गेले तुमचे. आता आखणी नका करू.” तू वाद घातला नाहीस. घरी येऊन कितीतरी वेळ स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बसलास. मग लोकांच्या धानाच्या बांध्या नांगरायला जाऊ लागलास.

तुझे डोळे चांगले होते, बा.

नात लिहिता लिहिता थांबली आहे.

“आजी, हे मॅडमले दाखवू?”

“नाई.”

“मंग कोणाले?”

कोणालाच नाही. वहीत राहू दे. पण अजून एक लिही म्हटलं. तू आखणी सोडून तो दोर कायमचा आढ्याला टांगून ठेवलास त्या दिवशी मी खूप रडले, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. रडले नव्हते. आता पुन्हा कोणी मला विचारणार नाही, पोचला का, म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.