पायलचा बोगदा

पायलचे बाबा,

तुमचा फोन घरीच राह्यला, म्हणून लिहून ठेवते. पायलचा हात भाजला आहे. कडूबाभाऊच्या ऑटोनं मी तिले बसस्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन चालली. हे वाचलं की तिकडेच या.

तुम्ही घरात मांडलेल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या पहाडासाठी पुट्टी चालत नाही, तडकते, म्हणून तुम्ही छतवाल्याकडून पीओपी आणली. स्वस्त आहे, लवकर घट्ट होते, हे मले कितीदा तरी ऐकवलं. घट्ट होताना ती तापते, हे काऊन नाही सांगितलं?

तुम्ही गेल्यावर तिनं घमेलंभर कालवली अन् बोगदा पाडायचा म्हणून मूठ आत रोवून बसली. चटके बसून राह्यले तरी हात काढला नाही. घट्ट होईपर्यंत हलवायचं नाही, हे तुम्हीच तिले शिकवलं.

मी बत्त्यानं फोडून हात सोडवला. आता ती हातासाठी नाही, बोगदा मोडला म्हणून रडून राह्यली. तिच्यासमोर मले काही बोलायचं नाही, तुम्हीही पीओपीचं नाव काढू नका. माझं काय ते घरी आल्यावर.

चांगल्या हातात बोगद्याचा एक तुकडा धरून बसली आहे. टाक म्हटलं तर टाकत नाही. बाबाले दाखवायचा आहे म्हणते.

महामाया