टॉकले दोघं लागतात

अमरावती, रविवार, दिवेलागण

या वयात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला कायले जाते मी? कॉलेजच्या पोरींत एकटी म्हातारी. अमेरिकेतल्या नातवाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून, दुसरं काय! या आठवड्यात बोलण्याचेच शब्द झाले. मॅडम म्हणाल्या, "से म्हणजे म्हणणं, टेल म्हणजे सांगणं. टॉक म्हणजे एकमेकांशी बोलणं. टॉकले मात्र दोघं लागतात, काकू."

आज मुलाचा व्हिडिओ कॉल आला. क्लासचं त्याला सांगितलेलंच नाही, एकदम बोलून चकित करायचं होतं. "हाऊ आर यू" अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात नातू माझ्याकडे न बघताच बापाला म्हणाला, "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक टू हर."

सगळं कळलं. कुठंही न अडता कळलेलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य.

मुलगा घाईनं हसला. "आई, तो विचारून राहिला, आजी कशी आहे?"

काय बोलू? टॉकले दोघं लागतात.

"बरी आहे म्हण त्याले," एवढंच म्हटलं.

उद्या पुन्हा क्लास. आता भीती वाटते. अजून समजायला लागलं तर?