सरांची शिट्टी

मुलुंड, गुरुवार संध्याकाळ

आज मजा आली. खोटं कशाला लिहू?

एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी शाळेतल्या मुलींना स्वतःच्या शरीराची किती धास्ती वाटते ते मोजतेय. न खेळणाऱ्या मुलींचे फॉर्म काल भरून झाले. आज खेळाडू, म्हणजे माझ्याच जुन्या शाळेचा कबड्डी संघ आणि आमच्या वेळचे तेच कोच सर. त्यांनी मला ओळखलंही नाही. मी पंधरा वर्षांची असताना काट्यावरचा माझा आकडा वाचून सगळ्या मैदानासमोर म्हणाले होते, "एकसष्ट. पोरगी आहेस की पोतं?"

फॉर्मवर वजन लिहायचं होतं. काट्यावर चढण्याआधी मुली केसांतल्या क्लिपा काढत होत्या. आम्हीही काढायचो. क्लिपेचं वजन ते किती, तरी काढायचो. आणि सर आकडे मोठ्याने वाचत होते, अगदी तस्सेच.

मी गोड आवाजात म्हटलं, "सर, कोचचंही वजन लागतं. रकाना आहे ना."

ते हसले. मग गळ्यातली शिट्टी काढली, घड्याळ काढलं, पाकीटही काढून ठेवलं. काट्यावर पोट आत घेऊन उभे राहिले.

"ब्याण्णव," मी मैदानभर ऐकू जाईल असं वाचलं. एका मुलीने क्लिपांची मूठ तोंडावर दाबली, मग सगळ्याच हसल्या. सर शिट्टी पुन्हा गळ्यात घालायची विसरले.

चुकलं का माझं? गाइड मॅडमना कळलं तर प्रोजेक्टची वाट लागेल. लागू दे. फॉर्मवर कोचसाठी रकाना नव्हताच. सकाळी निघायच्या आधी मी तो पट्टी घेऊन आखला होता.