पेल्यावरचा हात

मुरुम,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमरदीप,
सप्रेम जय भीम.

इकडं सगळे बरे आहेत, तुमच्याकडंही सगळे खुशाल असाल. आठवडा झाला, तुझा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवरचा तुझा फोटोही दिसेनासा झालाय. फोन बदललास की काय? शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. तिथला माणूस म्हणाला, "कुणाला नोटीस धाडताय का साहेब?" पत्र म्हटलं की आता लोकांना तेवढंच आठवतं.

तुझं नवं घर झकास झालंय बरं का. गृहप्रवेशाच्या दिवशी तू शाळेतलं झेंडावंदन उरकून आलास आणि त्याच पांढऱ्या कपड्यात पंगतीत वाढायला लागलास. गुरुजी कुठंही गेला तरी गुरुजीच. तुझ्या श्रावस्तीनं वंदना किती स्वच्छ म्हटली. फरशा शिवलिंगप्पाच्या दुकानातून घ्यायला लावल्या म्हणून तू कुरकुरत होतास, आता चाललास की नाही त्यांच्यावर मिरवत? तोही खूश होता. येताना माझ्याच गाडीत होता, जातानाही.

माझं दुकान थंड आहे. खताबियाणांचं गिऱ्हाईक मृगाशिवाय फिरकत नाही, तोवर माशा मारायच्या.

हां, त्या दिवशी मी जेवलो कमी, ते सुमनमावशींच्या लक्षात आलं असेल. पित्त झालं होतं. शिवाय घसा धरला होता म्हणून पाणी नको म्हणालो. हल्ली दाढही ठणकते, गार सोसत नाही. मावशींना एवढं सांग, त्यांचा उगीच गैरसमज नको. वांग्याची भाजी अगदी आपल्या होस्टेलच्या दिवसांतली होती.

तू विचारत होतास, एवढा वाळलास कसा. सांगितलं ना, पहाटे चालतो, भाकरी निम्म्यावर आणली. जिद्द लागते, बाकी काय.

फोन कर. वाट बघतोय.

तुझा,
उत्तरेश्वर (पैलवान)


मुरुम,
ता. १९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सुमनमावशी,
उत्तरेश्वरचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हे पत्र श्रावस्ती वाचून दाखवत असेल. बाळ श्रावस्ती, मध्ये थांबू नकोस, आणि तुझा बाप 'बंद कर' म्हणाला तरी शेवटपर्यंत वाच.

मावशी, अमरदीपचं उत्तर आलं. एवढंच लिहिलंय: "आईनं तुझ्यासाठी डबा दिला होता. तो घेऊन मी फाट्यापर्यंत आलो. गाडीला टेकून तू विकतच्या बाटलीतलं पाणी पीत होतास." खाली सही. चुकलेल्या गणिताखाली मास्तर करतो तशी.

मी ते पाकीट खिशात घालून हिंडतोय. दुकानात बसवत नाही, घरात बसवत नाही. हे लिहितानाही उठून पायरीवर जाऊन आलो. तेव्हा आता सरळ लिहितो. पित्त नव्हतं. घसा चांगला होता. दाढ तर कधीच काढलीय.

मागच्या पावसाळ्यात मी सोलापुरात पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. रोगाचं नव्हे, वजन उतरवायचं. पोटाची पिशवी कापतात आणि केळाएवढी ठेवतात. गावात सांगितलं, मेहुण्याकडं पुण्याला चाललोय. खरं काय ते घरात माझ्या बायकोला आणि आईला तेवढं ठाऊक. साखर वाढली होती, गुडघे गेले होते, बुटाची नाडी बायको बांधायची. लोक पैलवान म्हणायचे आणि मी हसायचो. कधी आखाड्यात उतरलो नाही, तरी पैलवान. त्या नावात काय भरलेलं असतं ते ज्याला म्हणतात त्यालाच कळतं.

मग उतरलो. कपडे सैल झाले. लोक विचारायला लागले, काय केलं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चालतो. एकदा निघालं ते निघालं. चांगल्या बाप्या माणसाला घास आवरायला पोट कापून घ्यावं लागलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवलिंगप्पानं तर मला धरून शाळेत नेलं, पोरांसमोर व्यायामावर भाषण ठोकायला. मी ठोकलंही. टाळ्या पडल्या. त्यानं माझं बघून स्वतः चालणं सुरू केलं, आणि एक किलो उतरला नाही म्हणून बिचारा रोज माझ्याकडं येऊन हळहळतो.

आता पाण्याचं. या ऑपरेशननंतर जेवताना पाणी प्यायचं नसतं. जेवणाच्या आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. केळाएवढी जागा, त्यात पाणी ओतलं तर घासाला थारा राहत नाही. वर तरी येतो, नाहीतर पाण्याबरोबर खाली घसरून जातो आणि पोट रिकामंच वाटतं. एकदा घरी सवयीनं तांब्या तोंडाला लावला आणि मोरीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. तेव्हापासून आमची ही माझ्या ताटाजवळ पेला ठेवत नाही. आई म्हणते, "कोरडंच गिळतंय लेकरू," आणि तिकडं तोंड करून बसते.

आणि ही सवय कुणाची, मावशी? तुमची. होस्टेलातून शनिवारी आम्ही दोघं बेंबळीला यायचो, एका ताटात बसायचो, आणि मी हपापल्यासारखा भाकरी कोंबायला लागलो की तुम्ही म्हणायचात, "घासाला घोट दे रं, उचकी लागंल." आहार सांगणाऱ्या बाईंनी दवाखान्यात नेमकं उलटं सांगितलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली होती. मोडायला सगळ्यांत जड गेली ती हीच सवय.

हे सगळं खरं आहे, मावशी. पण एवढंच सांगून थांबलो तर हेही पित्तासारखंच होईल.

त्या दिवशी पंगतीत वाढायला पोरं होती, तरी पाणी घेऊन तुम्ही स्वतः आलात. ओळीनं वाढत नव्हतात, सरळ माझ्यापाशी आलात. म्हणालात, "नव्या बोअरचं हाय. गोड लागलंय. पी, बघ बरं." आणि मी पेल्यावर हात आडवा धरला. म्हणालो, "नको मावशी, तहान न्हाय."

तुम्ही म्हणालात, "घोटभर तरी."

मी हात काढला नाही.

तुमच्या आईची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती, त्या जुन्या घराच्या उंबऱ्यात बसून. विहिरीपाशी भर उन्हात उभं राहायचं, कुणाला दया येऊन कुणी वरून ओंजळीत ओतेपर्यंत. तिच्या लेकीच्या दारात आता स्वतःचं पाणी लागलं, गोड लागलं, आणि तुम्ही ते ज्याला आपल्या हातानं मोठं केलं त्याला आधी चाखायला दिलंत. मला हे त्या क्षणी कळलं. तुमचा तांब्या मागं गेला, तुम्ही पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलंत, तेव्हा तुम्हाला काय वाटलं तेही मला कळलं. तुम्हाला वाटलं, उत्तरेश्वरनं जात पाळली.

मला कळलं, मावशी. घरी आल्यावर नाही, अमरदीपचं पत्र आल्यावर नाही. तिथंच, ताटावर. एका वाक्याचं काम होतं: "मावशी, माझं पोटाचं ऑपरेशन झालंय." पण शेजारी शिवलिंगप्पा बसला होता. तुम्ही ओतलेले दोन पेले तो गटागटा प्याला होता, आणि मी विचार केला की आता हे बोललो तर उद्या मुरुमभर होईल. तुमचा अपमान झाला तर चालेल, माझं हसं नको. असा हिशोब मी तुमच्या घरात, तुमचा घास तोंडात असताना केला.

घोटभर घेतला असता तरी मेलो नसतो. फार तर उठून बाहेर जावं लागलं असतं.

अजून एक राहिलंय. हे लिहू की नको, यात कालचा दिवस गेला. निघताना गाडीपाशी शिवलिंगप्पा मला काहीतरी बोलला. पाण्यावरूनच बोलला, शाबासकी दिल्यासारखी माझ्या पाठीवर थाप मारून. काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही, तुमच्या घरात ते शब्द माझ्या हातानं यायला नकोत. तुम्ही ओळखाल. ते ऐकून मी हसलो. मला हसू आलेलं नव्हतं, मावशी, तरी हसलो. पैलवान म्हटल्यावर हसायचो ना, तसंच. तेव्हा माझी मलाच दया यायची. या वेळी नाही आली.

फाट्यापर्यंत घसा सुकून गेला होता. अर्धा तास झाला होता म्हणून बाटली घेतली. गाडीच्या बाजूच्या आरशात अमरदीपची मोटारसायकल दिसली, ती थांबली आणि वळली. हँडलला डबा होता. मी हाक मारली नाही. 'गावात काही काम आठवलं असेल,' असं मी स्वतःला सांगितलं आणि घोट घोट पाणी प्यायलो. त्या डब्यात काय होतं, हे मला अजून माहीत नाही.

परवा शिवलिंगप्पा दुकानात आला. चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर शर्ट वर केला आणि पोटावरच्या खुणा दाखवल्या. म्हणालो, चालून काही झालेलं नाही, हे झालंय. आणि त्या दिवशी पाणी का नको म्हणालो तेही सांगितलं. गाडीपाशी तू जे बोललास त्यावर मी हसलो, ते माझं हसणं मी परत घेतो, असंही म्हणालो. त्यानं माझा शर्ट खाली ओढला. मग म्हणाला, "मग हे त्या माउलीपुढं का न्हाय दाखवलंस? मला कशापायी दाखवतोस?"

खरं आहे. त्यानं विचारलं म्हणून पत्र लिहायला बसलो, हेही लपवत नाही. माझ्यात तेवढी अक्कल आपोआप आलेली नाही.

गावात आता मला पोटकाप्या म्हणायला लागलेत. म्हणू देत. पैलवानापेक्षा खरं नाव आहे.

येत्या रविवारी सकाळी मी बेंबळीला येतोय. जेवायला नाही. जेवण आणि पाणी मला एका वेळी चालत नाही, आणि मला पाणी हवंय. घरून काही न खातापिता निघेन. दारात उभा राहीन. तुम्ही आत बोलवायलाच पाहिजे असं नाही, द्यायलाच पाहिजे असंही नाही. अमरदीपनं दार लावून घेतलं तरी तो चुकला असं मी म्हणणार नाही. तुमची आई थांबायची ते थांबणं वेगळं, तिचं काही चुकलेलं नव्हतं, हे मला कळतं. मी थांबेन तो माझ्या करणीनं.

पेल्यावर हात धरला होता, तोच हात पुढं करून उभा राहीन.

त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो होतो, म्हणून आता खरं काय ते लिहून सही करतो.

तहानलेला,
उत्तरेश्वर