टोपी कुणाला, साडी कुणाला

तिसगाव,
२२ जुलै १९९६

चि. काकासाहेब भावजी यांस,

लंकावहिनीचा आशीर्वाद. तुमची, शुभांगीची आणि मुलांची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसली की तुम्ही पत्र लिहिता आणि बरी असली की लिहीत नाही. इकडे पाऊस बेताचा. बाजरी वीतभर आली आहे, शेळीला दोन पिल्लं झाली आहेत, माझे गुडघे होते तसेच आहेत. तुमच्या दादांच्या फोटोची काच तडकली होती ती बदलून घेतली. शुभांगीला सांगा, तिने पाठवलेला चष्मा छान बसतो, आता रात्रीही वाचता येतं.

पुढचं पत्र मात्र बसून वाचा. मी ही गोष्ट उभ्याने ऐकली आणि तुपाची वाटी गेली.

आता सुरुवातीपासून सांगते. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो आणि जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घातल्याशिवाय सासूची सुटका नसते. म्हणून मी कोपरगावला आपल्या जावयांना, राधाकृष्णांना, कार्ड टाकलं. ते रुसले. लेकीने, ज्ञानेश्वरीने, दुकानातल्या फोनवर निरोप दिला की जावयाला कोणी कार्डावर बोलावतं का, माणूस पाठवायचा असतो. आता माणूस कुठून आणू? होता तो नऊ वर्षांपूर्वी गेला. (हे रडून लिहीत नाही. नुसतं सांगते.) तरी मला वाटलं होतं, राग उतरेल आणि येतील. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. धोंडे उकडून तयार, पाट मांडलेले, जावयाची टॉवेल-टोपी आणि लेकीची साडी ताटात ठेवलेली, आणि दुपारची एसटी रिकामी येऊन गेली.

अशा वेळी दुसरं एखादं जोडपं मेहूण म्हणून जेवायला घालतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मी जोडपं शोधायला बाहेर पडले. भावजी, त्या दिवशी तिसगावात मोकळं जोडपं मिळेना. आप्पासाहेबांकडे गेले तर ते ओसरीवर आडवे. सकाळपासून तीन घरी मेहूण म्हणून जेवून आलेले. मला बघून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बायकोला म्हणाले, "सांग तिला, मी गेलो." शिंप्याच्या घरी नवरा-बायको होळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. ते यायला तयार होते, पण वेगवेगळ्या पंगतीला. तशाने मेहूण होत नाही.

परत येताना आपल्या घरामागच्या दवाखान्याच्या क्वार्टरपाशी बनुबाई भांडी घासत बसलेली दिसली. यशोधरा सिस्टर आणि बनुबाई तुम्हाला आठवत असतील. (तुमच्या धाकट्याला गोवराची लस टोचली त्या सिस्टर. तो त्यांना चावला होता.) बनुबाई खर्ड्याची. तिच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरी केली आणि हिला माहेरी सोडली. पुढे तो वारला तेव्हा हिने कुंकू पुसलं नाही. बायका बोलायला गेल्या तर म्हणाली, "माजं कुंकू त्येच्या नावाचं हुतंच कदी?" आम्हाला वाटलं रागाने म्हणते. सिस्टर बौद्ध, आणि बनुबाई पाटलांच्या भावकीतली. दोघी एका चुलीवर जेवतात यावर गावाने पहिली दोन वर्षं एवढी चर्चा केली, की त्यातच गाव दमलं आणि दुसरं काही विचारायचं राहून गेलं.

मी म्हणाले, "बनुबाई, सिस्टरला घेऊन जेवायला ये गं. जोडपं काही मिळंना, अन्न वाया जाईल." तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "थांबा, तिला इचारते." आत बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. मग दोघी आल्या त्या ठेवणीतल्या साड्या नेसून. सिस्टरने पावडर लावलेली, बनुबाईच्या केसात अबोलीचा गजरा. मी हसले. म्हटलं, "अगं, जेवायला बोलावलंय, लग्नाला न्हाई!"

कोणीच हसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "जोडीनं बोलावलंत ना? जोडीनं आलोय."

मी तुपाची वाटी हातात घेऊन तशीच उभी. बनुबाई म्हणाली, "लंकाबाई, बावीस वरसं हाय आमी एका घरात. तुमी एवढं वाचता, तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

वाटी गेली ती तेव्हा. तूप शेळीने चाटलं. मी मटकन खाली बसले ती नेमकी पाटावर, म्हणजे मेहूण उभं आणि यजमानीण मानाच्या पाटावर. सिस्टरांनी सवयीने माझी नाडी धरली. धरता धरता दोघींचं सगळं सांगत होत्या, आणि मी "अगं बाई, अगं बाई" करत होते. ते माझं अजून थांबलेलं नाही. काल देवापुढे दिवा लावतानाही तेच तोंडातून आलं.

तुम्हाला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्या सोडवून. त्यामुळे जगातल्या पुष्कळ बातम्या मला अर्ध्याच ठाऊक आहेत. मागे एकदा तूरडाळीच्या पुडीवर वाचलं होतं, की डेन्मार्क नावाच्या देशात दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी सरकारी कचेरीत जाऊन एकमेकांशी... आणि तिथे कागद फाटलेला. मला वाटलं, भागीदारीत दुकान वगैरे काढायचं असेल. उरलेली अर्धी बातमी मला सिस्टरांनी त्या दिवशी पाटाशेजारी बसून सांगितली. म्हणजे डेन्मार्कची गोष्ट आपल्या मागच्या भिंतीपलीकडे चालू होती, आणि मी बावीस वर्षं त्या भिंतीवरून त्यांना ताक देत होते!

पुढे ऐका. गेल्या वर्षी बनुबाईचं नगरला पोटाचं ऑपरेशन झालं. तिथे सही करायला नातेवाईक पाहिजे म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, मी करते. "तुम्ही कोण?" मैत्रीण. "मैत्रीण चालत नाही." सगळं आयुष्य सरकारी दवाखान्यात काढलेली बाई, तिची सही चालेना. खर्ड्याहून तिच्या भावाला, श्रीमंतला, बोलावलं. तो बैलबाजार उरकून दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत बनुबाई तळमळत होती आणि सिस्टर बाहेर बाकावर बसून होत्या.

म्हणून यंदा उन्हाळ्यात दोघी नगरला लग्न नोंदवायच्या कचेरीत गेल्या. (मला सांगितलं होतं चादरी आणायला चाललोय. चादरी आणल्याही.) तिथला कारकून म्हणाला, "मुलीचं लग्न का? नवरदेव मागून येतोय?" सिस्टर म्हणाल्या, "आम्हीच दोघी." त्याने आधी दोघींना पाणी दिलं, मग स्वतः प्यायला. मग म्हणाला, बाई, असा कायदा नाही. सिस्टर म्हणाल्या, "नाही ते ठाऊक आहे. करा म्हणून अर्ज कुठं द्यायचा ते सांगा." तो म्हणाला, असा अर्ज इथे येत नाही. "आता आला," म्हणाल्या, आणि आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. भावजी, तुम्ही सरकारी माणूस. मला फक्त एवढंच सांगा, त्यावर शिक्का मारलाच कसा?

मी म्हणाले, "पण सिस्टर, लोकं काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "छप्पन साली आमच्या बापानं घरातले देव नदीला दिले आणि म्हणाला, आजपासून आपण बौद्ध. गाव अवाक झालं. मग खुरपणी आली, गाव खुरपायला गेलं."

मी पाटावरून उठले. जेवायला वाढलं. सिस्टर म्हणाल्या, "मी हा अधिक महिना वगैरे मानत नाही हं, लंकाबाई. मान देणार असाल तर तेवढा मानते." आणि सहा धोंडे खाल्ले. मग ताटातला मान द्यायची वेळ आली आणि माझे हात थांबले. टोपी कुणाला, साडी कुणाला? दोन बायकांत हे ठरवायचं कसं, असं कुठल्याही पुडीवर मी वाचलेलं नव्हतं. बनुबाई म्हणाली, "साडी मला द्या. हिला उन्हातान्हात फिरायचं असतंया, हिला टोपी द्या." सिस्टरांनी टोपी घातली, आरशात बघितली, थोडी तिरकी केली. खोटं कशाला सांगू, शोभत होती.

आणि त्याच वेळी दारात कोण? आपले जावई! राग उतरून ज्ञानेश्वरीला घेऊन संध्याकाळच्या एसटीने आले. पाटावर दुसरंच मेहूण, परातीत चार धोंडे उरलेले, आणि स्वतःची टोपी सिस्टरांच्या डोक्यावर. राधाकृष्णांनी आधी टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "मामी, माझी टोपी..." सिस्टर म्हणाल्या, "जावईबापू, ही मानाची आहे. मानाची वस्तू परत करत नाहीत." ज्ञानेश्वरीने तोंडात पदर कोंबला आणि चुलीकडे पळाली. जावयांनी चारही धोंडे मुकाट्याने खाल्ले. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "मामी, या दोघी आपल्या कोण लागतात?"

मी म्हणाले, "चहा घेऊन जा."

भावजी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तुमचे दादा गेले तेव्हा मला बायकांनी मधोमध बसवलं होतं. जी येईल ती आधी माझ्या गळ्यात पडायची. मी रडले की रडू देत होत्या, गप्प बसले की गप्प बसू देत होत्या. त्या वेळी वाटायचं, कशाला या सगळ्या अंगावर पडतात. आता कळतं, तो माझा हक्क होता. उद्या बनुबाईचं काही बरंवाईट झालं, तर मधोमध श्रीमंतची बायको बसेल. सिस्टर कुठे बसतील? दाराशी, चपलांजवळ, चहा सांगणाऱ्यांत.

या महिनाअखेर सिस्टर रिटायर होतात. क्वार्टर लगेच सोडायचंय, नवीन सिस्टर यायची आहे. गावात तीन घरं बघितली. बावीस वर्षं ज्यांनी काही विचारलं नाही, तेच घर द्यायचं म्हटल्यावर विचारतात, एकमेकींच्या तुम्ही कोण? आणि श्रीमंतने निरोप पाठवलाय की तीस तारखेला टेम्पो घेऊन येतो, बहिणीला घरी न्यायला. प्रेमाचा उमाळा नाही. त्याच्याकडे चार म्हशी झाल्यात.

तर असं आहे. मला अजून धक्का आहे. तुम्ही शिकलेले आहात, माणसाने अशा वेळी काय करावं ते कळवा. मुलांना पापा.

तुमची वहिनी,
लंकाबाई

ता. क. (२५ जुलै) पाकीट आणायला गेले आणि पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आणखी एक. तुमच्या वाटणीच्या मागच्या दोन खोल्या दहा वर्षं बंद आहेत. बंद घराला वाळवी लागते. किल्ली पाठवता का? खोल्या कुणाला हव्यात ते तुम्ही वर वाचलंच आहे. घाई नाही, पण तीस तारखेच्या आत.

ता. क. (२८ जुलै) पत्र अजून टाकलेलं नाही, पण किल्ली पाठवू नका. कुलूप गंजलेलं होतं, नुसतं धरलं तर हातात आलं. (हातोड्याने धरलं होतं.) आत तुमचा लाकडी घोडा आणि दादांची जुनी सायकल निघाली. दोन्ही पुसून ठेवली आहेत. वाळवी खरोखरच होती, म्हणजे मी काही खोटं लिहिलं नव्हतं. शुभांगीला तुम्हीच सांगा, तुमचं ती ऐकते.

ता. क. (३१ जुलै) श्रीमंत काल टेम्पो घेऊन आला. सामान बांधून तयारच होतं. बनुबाई पुढे बसली आणि त्याला वाट सांगू लागली. चौकातून खर्ड्याकडे वळण्याऐवजी टेम्पो आपल्या मागल्या दारी आला. बिचाऱ्याने खाट, पेटी, चुलीचं सामान सगळं आत वाहून दिलं आणि मग विचारलं, "हे कुनाचं घर?" मी सांगितलं. तो ओरडायला लागला, "माजी बहीन हाय ती!" मी म्हणाले, "बहीन तुझीच ऱ्हाईल. म्हशींना दुसरं कुनी बघ." चहा न घेता गेला. सिस्टरांनी नगरला दुसरा अर्ज पाठवला आहे, पहिल्याचं काय झालं ते विचारणारा. त्यावर खाली तिसरी सही माझी आहे, 'शेजारीण' म्हणून. पूर्ण नाव लिहिलं, रेघेच्या बाहेर गेलं. त्यांना मी सांगितलं आहे की मला अजून धक्का आहे, सहीचा आणि धक्क्याचा संबंध नाही.

ता. क. (१ ऑगस्ट) आज सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. पिठल्यात मीठ कुणी जास्त घातलं यावरून दोघी भांडत होत्या. "तूच घातलंस!" "मी कशाला घालू, तुला बीपी आहे!" नऊ वर्षांनी या घरात मिठावरून भांडण झालं, भावजी. माझी भाकरी तव्यावर करपली. भांडण संपेपर्यंत मी उलटली नाही.