डोहाकाठचा बाक

नदीची चौकी,
ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रविवारभर लोकांना सांभाळून सोमवारी मी इतका दमतो, की अक्षर नीट येत नाही. वाकडं अक्षर आईने पाहिलं तर ती म्हणणार, पोरगा आजारी आहे.

वरचा रस्ता डांबरी झाल्यापासून नदीवर मासे धरायला येणाऱ्यांची झुंबड उडाली आहे. गेल्या रविवारी फाटकाशी मी सतरा गाड्या मोजल्या, आणि आमच्या मासेमारी क्लबच्या हद्दीत बरे डोह फक्त चार. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर फेकायची, ती अलगद वाहू द्यायची आणि माशाला खरी वाटेल अशी ठेवायची, एवढाच हा खेळ. पण त्याला मोकळं पाणी लागतं. म्हणून जुन्या मंडळींचा रिवाज असा की पहिल्याने डोहाच्या वरच्या टोकाला उतरायचं, एकदा माशी फेकायची, एक पाऊल खाली सरकायचं. तो बराच खाली गेला की दुसऱ्याने त्याच्या मागून उतरायचं. कोणाच्या पुढ्यात शिरायचं नाही. नव्या लोकांना हे कोण सांगणार?

दहा दिवसांपूर्वी दातांच्या डॉक्टरांच्या पुढ्यात एक रंगाचा व्यापारी उतरला. डॉक्टर ओरडले, की बाहेर ये, तुझी बत्तिशी फुकट काढून देतो. दोघांच्या दोऱ्या गुंतल्या, मग हात गुंतले, आणि दोघेही पाण्यात आडवे. क्लबच्या चिटणीससाहेबांनी सगळा राग माझ्यावर काढला. राखणदार आहेस की बुजगावणं, असं चारचौघांत विचारलं.

म्हणून मी तीन दिवस बसून नियमांचा फलक केला आहे. एकूण नऊ नियम. चौथा असा: ‘पाण्यात उभ्या असलेल्या सभासदाच्या तीस पावलांच्या आत जाऊ नये व त्यास हाक मारू नये. पाळी येईपर्यंत बाकावर शांत बसावे.’ बाकही मीच ठोकला, पाच माणसांचा. आमचे घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेले म्हातारे सभासद, चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचून गेले. म्हणाले, इतकं नेटकं काम हल्ली कुठे दिसत नाही. ताई, त्या रात्री मी दोन महिन्यांनी नीट झोपलो.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच राहू दे, कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. १५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फलकाचं वाचून मी आणि तुझे भाऊजी पोट धरून हसलो. सहा वर्षांचा असताना तू माठावर कागद चिकटवला होतास, कोणी कुठल्या पेल्याने पाणी प्यायचं त्याचा. आई आजही सांगते, की त्या आठवड्यात घरात सगळे तहानलेले होते.

चेष्टा सोड. चिटणीसांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या शिवणखात्यातला मुकादम रोज एकीला तरी रडवतो. आम्ही शाळांचे गणवेश शिवतो आणि मनातल्या मनात त्याच्या बाह्या उलट्या जोडतो. तुझं एक वाईट आहे. कोणी रागावलं की तुला वाटतं, आपल्या हातून काही सुटलंच असणार, आणि मग तू आणखी चार गाठी मारून ठेवतोस. थोडं ढिलं राहायला शीक.

आई बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. जेवतोस ना वेळेवर? दोन ओळी जास्त लिहीत जा आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी ताई


नदीची चौकी,
ता. ३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. मंगळवारी घड्याळजी गेले. दुसऱ्या डोहात उभ्या उभ्याच गेले. सरकारी डॉक्टर म्हणाले, पाय दोन दगडांमध्ये अडकला होता आणि छातीत कळ आली असावी. अशी कळ आली की आवाज फुटत नाही म्हणे.

मी त्या वेळी वरच्या वळणावर कुंपण बांधत होतो. आलो तेव्हा लोकांनी त्यांना काठावर आणलं होतं. ते नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी उतरले, अकरा वेळा माशी फेकली, मग गळाची काठी काखेत धरून टेकणकाठीवर भार टाकून उभे राहिले. मासा वर यायची वाट पाहत ते असे पुष्कळ वेळ उभे राहायचे, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. चिटणीससाहेब माझ्याशी फार चांगले वागले. माझा जबाब त्यांनी स्वतः टाइप करून आणला आहे, सही तेवढी राहिली आहे. घड्याळजींची मुलगी परगावाहून आली आहे.

जेवण जात नाही, पण प्रकृती ठीक आहे. आईला एवढं सगळं सांगू नकोस. माझ्यावर लोभ ठेव, आत्ता त्याची गरज आहे.

तुझा धाकटा


ता. ९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आईला फक्त इतकंच सांगितलं, की तुझ्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ वारले.

आता मला सांग, तू वरच्या वळणावर कुंपण बांधत होतास, तर त्यांनी माशी अकरा वेळा फेकली हे तू कसं मोजलंस? दुसऱ्याने सांगितलं म्हणू नकोस. असं मोजणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे. आणि जबाब चिटणीस कशाला टाइप करतील? त्यांना कधीपासून तुझा एवढा पुळका?

मी तुझी बहीण आहे, पोलीस नाही. खरं काय ते लिही. उलट टपाली लिही. काहीही असलं तरी या घरचं दार तुला उघडं आहे.

तुझी ताई


नदीची चौकी,
ता. १३ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

मी बाकावर होतो.

आम्ही पाच जण होतो. दातांचे डॉक्टर, रंगाचा व्यापारी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, चिटणीससाहेब आणि टोकाला मी. साहेबांनी मुद्दाम मला बोलावून बसवलं होतं, की बघ, तुझ्या फलकाने काय शिस्त आली आहे. खरंच आली होती. महिन्यापूर्वी एकमेकांवर धावून गेलेले ते दोघे त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसले होते. पानांचा आवाज ऐकू येत होता.

अकराव्या फेकीनंतर घड्याळजी थांबले. पाठ आमच्याकडे होती. दोरी खाली वाहत जाऊन ताणली गेली, ती त्यांनी ओढून घेतली नाही. वीस मिनिटांनी ड्रायव्हर माझ्या कानाशी कुजबुजला, की आजोबा फारच वेळ गप्प उभे आहेत, एक हाक मारून बघू का. ताई, मी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याला फलक दाखवला. चिटणीससाहेबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला बरं वाटलं. हे दोनदा लिहून खोडलं, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सगळं मिळून बेचाळीस मिनिटं. मग टेकणकाठी त्यांच्या हातून सुटली आणि ते खुर्चीवर बसावं तसे पाण्यात बसले. आम्ही सगळे धावलो. पहिल्या अर्ध्या तासात बाहेर काढलं असतं तर बहुतेक वाचले असते, असं सरकारी डॉक्टर म्हणाले.

जबाबात आहे, की बाकावर कोणी नव्हतं, सगळे वेगवेगळ्या डोहांवर होते आणि मी कुंपणापाशी. चौघांनी सह्या केल्या आहेत. ड्रायव्हरने सर्वांत शेवटी केली. माझी राहिली. साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत सही केली तर चौकी तुझीच. मुलगी रोज काठावर येऊन उभी राहते आणि विचारते, की त्या दिवशी इथे कोणीच नव्हतं का. मी आत जाऊन दार लावून घेतो.

मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

धाकटा


ता. १७ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सही कर.

रात्रभर विचार करून लिहिते आहे. ते गेले, ते परत येणार नाहीत. बाकीचे चौघे मोठे लोक आहेत, किंवा मोठ्यांच्या आडोशाला उभे आहेत. तू एकटा खरं बोललास तर सगळं तुझ्यावर शेकेल. फलक कोणी लिहिला, बोट कोणी ठेवलं, इथूनच सुरुवात होईल. त्या मुलीला तरी काय मिळणार? आज तिला वाटतं, बाबा एकटे होते म्हणून गेले. ते दुःख तिला पेलेल. दुसरं पेलणार नाही.

हे पाप असेल तर माझ्या नावावर लिही, मी मोठी आहे. आई रोज विचारते, धाकट्याचं पत्र का येत नाही. तिला मी काय उत्तर देऊ, एवढं ध्यानात ठेव आणि मला चुकीचं समजू नकोस.

तुझी ताई


नदीकाठचं गाव,
ता. २२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं असं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी कागद समोर घेऊन बसलो, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात घड्याळजींची मुलगी दारात आली. तिच्या हातात वडिलांच्या चष्म्याचं घर होतं, त्यांना पाण्यातून काढताना ते खिशातून पडलं होतं आणि मीच ते उचलून पोलिसांकडे दिलं होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, की हे कुठे सापडलं. मी जागा सांगू लागलो आणि मग थांबता आलं नाही. बाक, फलक, बोट, बेचाळीस मिनिटं, सगळं सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, की एकच सांगा, त्यांनी तुमच्याकडे एकदा तरी पाहिलं का.

ताई, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. पाहिलं होतं. ड्रायव्हर कुजबुजल्यावर थोड्याच वेळात त्यांनी मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शांतता ठेवल्याबद्दल शाबासकी देताहेत. मी टोपी काढली आणि बसल्या जागेवरून वाकून त्यांना नमस्कार केला. ते पाहत राहिले. मग त्यांनी मान पुन्हा फिरवली.

तिने मला त्याच जागी पाण्यात जाऊन उभं राहायला सांगितलं. मी कपड्यांनिशी उतरलो. कमरेपर्यंत पाणी, दगड निसरडे. ती बाकावर टोकाला बसली, जिथे मी बसलो होतो. तिच्या सांगण्यावरून मी मान वळवून पाहिलं. तिथून माणसाचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसकट. तिलाही माझा तसाच दिसला असणार. तिने हाताने खूण केली, तसं मी पुन्हा पाठ केली आणि ती हाक मारेल म्हणून उभा राहिलो. पायांतली जाणीव गेली तरी उभा होतो. वळून पाहायचा मला धीर झाला नाही. अखेर पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता. ती कधी उठून गेली ते कळलंच नाही.

पोलिसांकडे खरा जबाब दिला आहे. चौकीची किल्ली साहेबांनी मागून घेतली. पुढे काय होईल ते माहीत नाही, पण पोलिसांनी गाव सोडू नकोस म्हटलं आहे, म्हणून इतक्यात घरी येता येणार नाही. आईला हे पत्र तूच वाचून दाखव, पूर्ण दाखव. मग तिची इच्छा असेल तरच तिचा आशीर्वाद मला कळव.

तुझा
धाकटा