जावईबापूंच्या जीपची परीक्षा

प्रकाशा, मार्गशीर्ष, १९६१

तीर्थरूप सुकलालभाऊ यांना धाकट्या कौसाचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि म्हशीचा पाय, तिन्ही सुधारणेवर असतील असे धरून चालते. मी बरी आहे. किती बरी, ते पुढे कळेलच.

तुमचे जावई चुनीलालराव ठरल्याप्रमाणे आपली जुनी जीप मला विकायला घेऊन आले. सोबत तुम्ही धाडलेले जाणकार भाईदासकाका होते. काकांनी सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पाहावा तशी जीप पाहिली. एक फेरी मारली, मडगार्डवर थाप दिली, बांधा चांगला असल्याचे सांगितले आणि जेवायला बसले. (इंजिनाचे झाकण उघडायचे राहिले म्हटल्यावर माझ्यावरच डोळे वटारले. जावयाच्या वस्तूची तपासणी करणे म्हणजे त्याचा अपमान, हे म्हणे मला कळायला हवे होते.)

भाऊ, जीप मला मिरवायला नको होती. तुमचे मेहुणे आजारी पडले तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यासाठी बैलगाडीच होती, आणि ती वेळेत पोचली नाही. अजून वाचताना एखादे वाक्य आवडले की मी मान वर करते, ऐकवायला कोणी नसते. गावातल्या दुसऱ्या कुणावर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी मला अशी गाडी हवी आहे जी हाक मारताच उठेल. म्हणून मी मानपान बाजूला ठेवून, रद्दीत मिळालेले मोटारीचे पुस्तक वाचून तयार बसले होते.

जीप चावी देताच सुरू झाली. मी झाकणावर हात ठेवला तर ते तव्यासारखे तापलेले. तापलेले इंजिन लगेच उठते, खोड कळते ती थंड असताना, आणि जावईबापू तर तिला थेट पळवत आले होते. मी म्हटले, निवू द्या, तोवर शिरा खा. शिऱ्यानंतर थंड जीप सुरू करताना तिने जो खोकला काढला, तो ऐकून वहिनींची आठवण झाली. मागून थोडा निळा धूर निघाला, तो मात्र लगेच थांबला. "आत्या, इंजिन वाघ शे वाघ!" चुनीलालराव म्हणाले. "मंग वाघ खोकस काबरं?" मी विचारले. काकांनी आणखी शिरा मागितला.

मग तापीच्या उतारावर गेलो. जावईबापू गप्पा मारत होते, पण डावा गुडघा गिअरच्या दांड्याला असा टेकवलेला, जणू दांडा पळून जाईल. मी गुडघा काढायला लावला. दुसरा गिअर लगेच सुटला आणि आम्ही नदीला भेटायला निघालो. (काकांनी वाटेतच उडी मारली. बांधा चांगला आहे त्यांचा.) ब्रेक शाबूत होते, हे देवाचे उपकार. पण मला खटकले ते वेगळेच. इतका झिजलेला गिअरबॉक्स इतका मुका कसा? घरी येऊन खालचा नट काढवला, घमेले लावले. तेलाबरोबर पिकलेल्या केळ्यांचा लगदा आला. बसराई जातीची, चांगली गोड वासाची! खडखड ऐकू येऊ नये म्हणून कोंबलेली. चुनीलालराव म्हणाले, केळ्याने थंडावा राहतो. मला केळी पिकवून इतकी वर्षे झाली, हा गुण कळला नव्हता.

तेव्हा तुमच्या जावयाची जीप मी घेणार नाही. तुमच्या लेकीला, धनुबाईला, आशीर्वाद.

तुमची,
कौसा

ता. क. जीप माझ्या अंगणात उभी आहे. इंजिन पुन्हा दोन सकाळी थंडच सुरू करून पाहिले, खोकते पण उठते. गिअरबॉक्स चुनीलालराव स्वखर्चाने बदलून देणार आहेत, मग मात्र मी ती घेईन. हे त्यांनी काकांसमोर कबूल केले. त्यांचा मान राखायचा म्हणून मी हे गावभर सांगितलेले नाही. अजून तरी.

ता. क. दुसरे. ड्रायव्हर कोण, असे विचाराल. मी. कुणाचा माणूस अडला तर ड्रायव्हर शोधण्यात वेळ जायला नको. लोक बोलतील. म्हणून खरे काम सांगते: तुम्ही या, पांढरा फेटा बांधा आणि पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसून भर बाजारातून चला. घाबरलात तरी चालेल, पण उडी मारू नका.